इंजिनाच्या नाकात बूच

कोकिळाला गाडीतलं सगळं कळायचं! निदान अख्ख्या सोनगीरमध्ये तिच्याइतकं कोणाला कळत नाही, हे दहावीला पहिल्या वर्गात पास झाल्यापासून ती ज्याला त्याला सांगत सुटली होती. तिला धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला जायचं होतं. अर्ज भरून तयार होता. फक्त वडिलांची, म्हणजे अभिमन आबांची, सही बाकी होती. आणि आबांची सही म्हणजे उन्हाळ्यातल्या विहिरीचं पाणी! दोर कितीही सोडा, बादली कोरडीच वर येते.

"पोरीस्नं काम शे का ते?" आबा म्हणाले. "शिवणकाम शिक."

कोकिळा चिडली की पुस्तकी मराठी बोलायची. "मशीनच चालवायचं ना आबा? मग मोठं मशीन चालवते!"

मोठा भाऊ झुलाल खो खो हसला. त्यानं महिनाभरापूर्वीच नाशिकहून दुसऱ्या हातची टर्बो जीप आणली होती. टर्बो! नाव घेताना त्याची छाती दोन इंच वर यायची. पण ही टर्बो रोज दारात काळ्या तेलाचे ठिपके टाकायची, तेही मायनं शेणानं सारवलेल्या अंगणात, नेमके रांगोळीवर. माय, म्हणजे कमलबाई, सकाळ झाली की जीपला अशा शिव्या घालायची की शेजारणी चहा घेऊन ऐकायला यायच्या.

आबांनी ठिपक्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "हाऊ ठिपका बंद कर. बंद व्हयना का लगेच सही करसू. अर्जनी मुदत परवापर्यंत शे ना? उद्या सकायना दाखाड."

"लिहून देऊ का?" कोकिळा म्हणाली.

संध्याकाळी ती जीपखाली शिरली. इंजिनाच्या वरच्या डोक्यातून एक रबरी नळी निघून खाली लोंबत होती. तिच्या तोंडातून ठिपकत होतं. बस, एवढंच? भोक आहे, भोकातून गळतंय, भोक बुजवा! सोनगीरमध्ये कोणत्याही भोकाला एकच औषध. ती स्वयंपाकघरात गेली, रॉकेलच्या बाटलीला बूच म्हणून लावलेलं मक्याचं रिकामं कणीस काढलं आणि नळीत ठोकून बसवलं. वरून केळीच्या सोपटाच्या दोरीनं करकचून बांधलं.

सकाळी रांगोळी कोरी! मायनं तीनदा वाकून पाहिलं. झुलालभाऊनं तर जीपखाली हात फिरवून पाहिला. आबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी सही केली, अर्ज शर्टाच्या खिशात ठेवला, कडक धोतर नेसलं आणि आबा, भाऊ, कोकिळा तिघं जीपनं धुळ्याला निघाले.

"भाऊ, काही अडलं तर विचारत जा," मागच्या सीटवरून कोकिळा म्हणाली.

नगावच्या अलीकडे चढ लागला. झुलालभाऊनं पाय दाबला. टर्बो शीळ घालायला लागली आणि मागून निळा धूर सुटला. इतका, की आग्रा रोडच दिसेनासा झाला! मागची एसटी हॉर्न देत देत धुरात शिरली आणि खोकत बाहेर येऊन थांबली. भाऊनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच. आबांनी बॉनेट उचलून आत डोकं घातलं.

फट्! तेल मोजायची पट्टी बाणासारखी उडाली आणि त्या भोकातून काळं कारंजं आबांच्या अंगावर!

तेवढ्यात सायकलवरून ताक विकत चाललेला मगन ताकवाला धावत आला. "आग लागनी! आग लागनी!" त्यानं कॅन उचलून रिकामा केला. आबांवरच! वर ताक, खाली तेल. आबा ओळखू येत नव्हते.

समोरच मुख्तारचाचांचं गॅरेज होतं. चाचांनी जीप आत ढकलून घेतली, खाली वाकले आणि कणीस बाहेर ओढलं. फुस्स! इंजिननं असा सुस्कारा टाकला की सगळे दोन पावलं मागे सरले.

"ये किसने?" चाचांनी कणीस वर धरलं.

झुलालभाऊ आभाळाकडे बघायला लागला. एसटीतून उतरलेले पाच-पन्नास लोक गोळा झालेले.  कोकिळा गप्प बसली असती तर कणसावर काही नाव लिहिलेलं नव्हतं. पण ती पुढे आली.

"मी!"

"बेटा, ये तो इंजन का नाक शे!" चाचा म्हणाले. "पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली तेलाच्या पेटीत निसटतोच. टर्बोत हवा कोंबून भरतात, म्हणून जास्त निसटतो. तो ह्या नाकातून जातो. नाक बंद, तर पेटीत दाब! टर्बोला पाजलेलं तेल त्याच पेटीत परत उतरतं. दाब असला तर उतरेल कसं? मग ते हवेत घुसतं, जळतं. तोच तुझा निळा धूर. बाकी दाब पट्टी उडवतो."

"आन मन्हं धोतर," आबा म्हणाले. "दे तो अर्ज. सही खोडस मी."

"अर्ज तुमच्याच खिशात आहे. आणि अट काय होती आबा? ठिपका बंद! घरापासून इथपर्यंत एक तरी ठिपका पडला?"

"ठिपका नही, आख्खा हौद पडना!"

"हौदाची अट नव्हती!"

एसटीचा कंडक्टर म्हणाला, "पोरीचं बरोबर शे."

कोकिळाला चेव चढला. पण तिचे डोळे इंजिनावरच होते. "चाचा, नाकातून गॅस जातो, ठीक. मग प्रत्येक गाडी दारात ठिपकते का?"

"नाही. नळीचं दुसरं टोक टर्बोच्या आधी, हवेच्या पाइपाला जोडतात. टर्बो तो गॅस ओढून घेतो, इंजिनातच जळतो. रस्त्यावर थेंब नाही."

"मग ह्या तोटीला नळी का नाही?" तिनं हवेच्या पाइपावर बोट ठेवलं. तिथं आखूड तोटी होती आणि तोटीत चिंधी कोंबलेली. चाचांनी चिंधी ओढली, झटकली. बनियन होता. गळ्यापाशी शाईनं लिहिलेलं: झु. अ. पाटील.

भाऊ पुटपुटला, "नळी निसटेल व्हती... माले जास्तीनी वाटनी... म्हनीसन भोक बुजी दिनं..."

"पूरा खानदान बूच मारनेवाला!" चाचा कपाळावर हात मारून म्हणाले. "पण शोधलं पोरीनं हां, अभिमनभाऊ. मैने भी नहीं देखा था."

नळी जागेवर बसली, तेल भरलं, पट्टी खोचली. जीप मांजरासारखी गुरगुरली. आबांनी धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, "चाल, बस गाडीमा. अर्जनी खिडकी बंद व्हई जाई."

आयटीआयच्या कारकुनानं अर्ज दोन बोटांत धरला, वास घेतला आणि म्हणाला, "ट्रेड कोणता, हे विचारायला नको." आणि शिक्का मारला!

परत येताना कोकिळा पुढच्या सीटवर बसली होती. भाऊ मागे.

घरात पाय टाकला तर माय कमरेवर हात देऊन उभी. फडताळातली रॉकेलची बाटली आडवी, खालच्या डब्यातलं भाकरीचं सगळं पीठ रॉकेलनं भिजलेलं.

"मन्ही बाटलीनं बूच कोनी लई गयं?"

आबांनी लेकीकडे पाहिलं. भाऊनं पाहिलं. पन्नास लोकांपुढे भर आग्रा रोडवर छाती काढून 'मी!' म्हणणारी कोकिळा घसा खाकरून अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"मांजरीनं."