मन्मथअप्पाचं विकतचं रान

मन्मथअप्पा कंप्युटरवरच्या गेमचेसुद्धा दात बघतो.

माणूस चाळीस वर्षं बैलबाजारात हेडी होता. म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जमवणारा. जबडा उघडून दात बघितल्याबिगर त्यानं कुणाला बैल घेऊ दिला नाही. आता गुडघे गेले, बाजार सुटला. पण नवा गेम चालू केला की तलवार हातात घ्यायच्या आधी हा गडी गेममधलं दुकान उघडतो. काय काय विकायला मांडलंय ते वरपासून खालपर्यंत वाचतो आणि स्क्रीनला दम देतो, "दात दाखव बे आधी. लढायचं मागून बघू."

मी त्याचा शेजारी, किसन. चौथी शिकलेला, कापसाच्या जिनिंगवर वॉचमन होतो. बायको सुभद्रा गेली त्याला दोन वर्षं होत आली. दुपारी घर खायला उठतं म्हणून अप्पाकडं जाऊन बसतो. प्रेमानं जात नाही. दुसरीकडं जायला जागाच नाही.

हे गेम म्हणजे काय, तर आपला एक गडी असतो. तो रानात हिंडतो, राक्षस मारतो. मेलेल्या राक्षसातून अंगठ्या पडतात, चिलखत पडतं. ते अंगावर घातलं की गडी दांडगा होतो आणि आणखी मोठ्या राक्षसाकडं जातो. एवढंच. मला त्यात काही राम दिसत नाही. अप्पाची बायको गंगाबाई चहा आपटून जाताना म्हणते, "इथं घरातला उंदीर मरंना यांच्यानं, अन् राक्षस मारायलेत."

तिचं बोलणं ऐकलं की मला अप्पाचा राग येतो. घरात टोमणा मारणारं माणूस आहे, त्याची किंमत नाही त्याला.

अप्पानं गेमला बैलांच्या जाती लावल्यात. एका जुन्या गेमला तो देवणी म्हणतो. दिसायला साधा, पण एकदा पैसे मोजले की सगळा आपला. "दावणीला बांधला, मरंपर्यंत मागं वळून बघायचं काम न्हाई." दुसरा खिल्लार. लई देखणा. विकत घ्यायचा, आणि वरीसभरानं कंपनी म्हणणार, आता नवीन रान काढलंय, त्याचे निराळे पैसे द्या. तिसरा मोकाट. तो फुकट. पण आत गेलं की मिळालेलं सामान ठेवायची पिशवी चिमणीएवढी, मोठी पाहिजे तर विकत. शिवाय बंद पेट्या विकतात, आत काय निघंल ते पैसे दिल्यावर कळणार.

"फुकट बैल कोण देतो, किसन?" अप्पा मला विचारतो. "ज्याचा मारका हाय तो. मी जलमभर रुमालाखाली बोटं दाबून भाव केले. लोकं म्हणायचे, चोरटा धंदा. पण रुमालाखाली का होईना, घेणाऱ्याला भाव कळायचा. ह्या पेटीत काय माल हाय ते घेणाऱ्यालाच कळंना झालंय. असा बाजार आमी कधी केला न्हाई बाबा."

मी म्हणलं, "मग कावून खेळतो?"

का खेळतो ते मला ठाऊक होतं. त्याचं पोरगं बसवराज पुण्यात कंपनीत आहे. टाळेबंदीत ते सात-आठ महिने घरी येऊन राहिलतं. हा कंप्युटर त्याचाच. बापानं हे काय म्हणून डोकावलं, पोरानं शिकवलं, आणि दोघं मिळून खिल्लार खेळायला लागले. पोरगं पुण्याला परत गेलं तरी दर रविवारी दुपारी दोघंही आपापल्या जाग्यावर बसायचे, कानाला ते हेडफोन लावून. एरवी फोनवर त्या बापलेकाचं बोलणं अर्ध्या मिनिटात आटपायचं. गेममधे तास-दीड तास. अप्पा ओरडायचा, "बसू, माझ्या मागं ऱ्हा, हा लई दांडगा हाय!" तिकडून पोरगं हसायचं. कानाला लावलेलं असूनबी मला ऐकू यायचं एवढं मोठ्यानं हसायचं.

मग खिल्लारवाल्यांनी नवीन रान काढलं. पोरानं पहिल्याच दिवशी घेतलं. अप्पा अडला.

"एकदा बैल विकला, आता शिंगं निराळी विकतो का बे?"

"अप्पा, मी भरतो तुमचे पैसे," पोरगं म्हणलं.

"तुझे असले म्हणून काय झालं? सौदा सौदा असतो."

आता त्या गेममधे एक पूल आहे. पुलापलीकडं नवीन रान. पोराचा गडी पलीकडं जायचा, अप्पाचा गडी गेला की पाटी यायची, विकत घ्या म्हणून. पोरगं आधी अर्धा तास अलीकडं येऊन बापासंगं खेळायचं. मग दहा मिनिटं. मग एक दिवस म्हणलं, "अप्पा, इकडं सगळं झालंय हो माझं. तुम्ही घ्या, मग बोलवा." त्यानंतर चार महिने अप्पाचा गडी दर रविवारी पुलापाशी एकटाच. आणि तरी हा मला जातीचं कौतुक सांगतो, देवणी अशी अन् देवणी तशी.

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हणलं, "अप्पा, तू येडा हायेस. घे की ते रान."

"प्रश्न पैशाचा न्हाई, किसन."

"माझा बी नव्हता." मग मी त्याला जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माजलगावला सुभद्राच्या भावानं घर बांधलं. वास्तूचं आवतन त्यानं फोनवर दिलं, घरी आला नाही. मी म्हणलं, दाराशी येऊन बोलावलं तर जायचं, न्हाई तर न्हाई. सुभद्रा पातळ काढून बसली होती. दोनदा म्हणली, जाऊ की हो. तिसऱ्यांदा म्हणली नाही. त्याच हिवाळ्यात गेली. "माझा हेका जितला, अप्पा. आता हेका घेऊन बसलोय घरात. त्याला चहा करता येत न्हाई."

 अप्पानं मोबाईल काढला आणि मला म्हणला, "तिकडं तोंड कर."

मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानं ते रान घेतलं.

पोराला सांगितलं नाही. रविवारी एकदम त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, असा त्याचा बेत. त्या दिवशी अप्पानं आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, जेवण धड केलं नाही. दोन वाजता पूल ओलांडून बसला. चार वाजले. पाच वाजले. शेवटी फोन लावला.

"कुठं हायेस बे? रविवार हाय."

"अप्पा, तो गेम सोडला मी. महिना झाला. आता ऑफिसातले आम्ही चौघं दुसरा खेळतो. तुम्हाला नाही आवडायचा, तो फुकटचा आहे, पेट्यांवाला."

अप्पानं हातातला माउस सोडला नव्हता. "बरं," म्हणला. "जेवलास का?"

"जेवलो. तुम्ही?"

"हां."

झालं. मी खाली मान घालून बसलो. घे म्हणून मीच मागं लागलतो. मला वाटलं आता हा मला शिवी देईल, आणि द्यावी असंही वाटलं. त्यानं दिली नाही. गंगाबाई चहा घेऊन आली. कप न आपटता हळूच ठेवला तिनं, आणि ते बघून मला जास्त भ्या वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अप्पा त्या नव्या रानातच. पुलापासून पुढं एक पायवाट जाते, तिच्यावर शिंगवाले राक्षस टोळीनं उभे. अप्पा एकेकाला आडवा करत होता. अंगठ्या पडत होत्या, त्या उचलतही नव्हता.

"काय करतोस?"

"वाट मोकळी करतोय. लई वंगाळ वाट हाय ही. त्याला दुसऱ्या गेमचा कट्टाळा आला, अन् एखाद्या दिवशी एकटंच आलं इकडं, तर घेरतील त्याला."

"अप्पा, न्हाई यायचं ते."

"न्हाई यायचं. ठाऊक हाय मला." स्क्रीनवरून नजर काढली नाही त्यानं. "तू बस."

तवापासून रोज तीन ते पाच तो वाट साफ करतो. पार टेकडीपर्यंत. मग मशीन बंद करून गुडघ्याला तेल लावत बसतो. त्या गेमची रीत अशी आहे की मशीन बंद करून चालू केली की मेलेले सगळे राक्षस पुन्हा आपापल्या जागी उभे असतात. अप्पाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो चष्मा पुसतो आणि पुलापासून सुरुवात करतो.