सुलभ प्रवेश कक्ष, पहिला मजला

करमणूक उद्यानातली ती पाटी निळी होती. तिच्यावर चाकांच्या खुर्चीचं पांढरं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुलभ प्रवेश कक्ष, पहिला मजला'. बाण जिन्याकडे होता. शिंपीणबाईंनी पायऱ्या मोजल्या. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची वीस वर्षांच्या शिवणकामातली सवय. पायऱ्या पंधरा निघाल्या.

"लिफ्ट कुठंय?" त्यांनी खालच्या रखवालदाराला विचारलं.

"ती काय." लिफ्टमध्ये रंगाचे डबे, मोडके लाकडी घोडे आणि दारभर रुंदीचा एक अस्वलाचा मुखवटा कोंबलेला होता. "चालते तशी. पण सामान आहे ना."

"मग चाकांची खुर्ची वर कशी न्यायची?"

"न्यायची कशाला? वर उद्यानाची खुर्ची आहे की. वर गेलं की मिळते."

"मी एकटी वर जाऊन तिची मनगटाची पट्टी घेऊन येते."

"नाही चालणार. अर्जदाराने स्वतः हजर राहायचं."

अर्जदार खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. वय अकरा. पाय जन्मापासून तिचं ऐकत नव्हते, पण त्यांची भरपाई जिभेने पुरेपूर केली होती, म्हणून घरात तिचं नाव लवंगी पडलं होतं. "म्हणजे काका," ती म्हणाली, "मला जिना चढता येतो हे दाखवलं, की जिना चढता येत नाही याची पट्टी मिळते?"

"हो," रखवालदार म्हणाला. त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही.

शिंपीणबाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. खरं तर ती फाटकापासूनच उडत होती. त्यांचे यजमान घड्याळजी, मधुमेहाचे जुने गिऱ्हाईक. सकाळी सुई घ्यायची आणि अकराच्या ठोक्याला चार बिस्किटं खायची, हा त्यांचा नेम. फाटकावर तपासणी झाली तेव्हा सुई आत सोडली आणि बिस्किटांचा डबा काढून घेतला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणे. "साखर उतरवायचं सामान चालतं आणि चढवायचं चालत नाही?" बाईंनी विचारलं होतं. त्यावर फाटकवाल्याने डब्याला बिल्ला बांधून तो कपाटात ठेवला. घड्याळजी नेहमीप्रमाणे म्हणाले होते, "अगं, जाऊ दे." लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हे तीन शब्द ऐकले की बाईंचं डोकं अजूनही पहिल्या दिवसाइतकंच फिरत असे.

"अगं, जाऊ दे," घड्याळजी आताही म्हणाले आणि लवंगीला दोन्ही हातांवर घेऊन पंधरा पायऱ्या चढले.

वर खिडकीतल्या कारकुनाने तीन अर्ज पुढे सरकवले. "अपंगत्व कायमचं आहे की तात्पुरतं?"

"आजच्यापुरतं घरी ठेवून येता आलं असतं, तर आणलंच नसतं हो," बाई म्हणाल्या.

कारकुनाने 'कायमचं' असं लिहिलं, लवंगीच्या मनगटावर हिरवी पट्टी बांधली आणि शुभेच्छा दिल्या. कोपऱ्यात उद्यानाची चाकांची खुर्ची होती. प्लास्टिकचं आवरणही निघालेलं नव्हतं. घड्याळजी लेकीला घेऊन पंधरा पायऱ्या उतरले. अकरा वाजून गेले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण तो उन्हाचा असेल असं सगळ्यांना वाटलं.

लवंगीला एकाच पाळण्यात बसायचं होतं, रुळांवरून उंच चढून कोसळणाऱ्या 'वावटळी'त. तीन वर्षांपूर्वी सगळी चुलतमावस भावंडं इथे आली होती. तेव्हा ती उंचीत कमी पडली, म्हणून तिला खाली बसवून भावंडं वर गेली. जाताना प्रत्येकाने आपली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "लवंगी, तू बसलीच आहेस, तर सांभाळ हं." सात पिशव्या, दीड तास. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही आणि लवंगी बोलत नाही म्हणजे काय, हे शिंपीणबाईंना ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्या दर महिन्याला लेकीचं माप वहीत लिहीत होत्या. खुर्चीत बसलेलं मूल वाढतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही. फ्रॉक मात्र बरोबर सांगतो. गेल्या महिन्यात लवंगीने वावटळीला लागणारी एकशे वीस सेंटिमीटरची रेघ ओलांडली.

वावटळीच्या दारात एक लाकडी विदूषक हात आडवा धरून उभा होता. हाताखाली लिहिलं होतं १२०. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेला, मिशा पिकलेला माणूस होता.

"उभं राहा," शिट्टीवाला म्हणाला.

"ती उभी राहू शकत नाही. म्हणून तर ही पट्टी."

"पट्टीने रांग टळते बाई, उंची टळत नाही."

"टाळायचीय कुणाला? उंची आहे." बाईंनी पिशवीतून टेप काढला आणि तिथल्या तिथे माप घेतलं. लवंगीचे गुडघे पुरते सरळ होत नसत, त्यामुळे तिचं माप नेहमी तुकड्यांनीच घ्यावं लागे. "डोक्यापासून बैठकीपर्यंत सहासष्ट. तिथून गुडघा सत्तावीस. गुडघ्यापासून टाच एकोणतीस. करा बेरीज."

शिट्टीवाल्याने बोटांवर बेरीज केली. ती एकशे बावीस आली, म्हणून त्याने पुन्हा केली. "पण ही शिवणकामाची उंची झाली. अशी तुकड्यातुकड्यांनी नाही चालत."

मागे रांग तुंबली. एक बाई कळवळून म्हणाली, "सोडा हो बिचारीला."

"बिचारी कोण?" शिंपीणबाई गर्रकन वळल्या. "एकशे बावीस भरतेय ती! दया नकोय आम्हाला. बेरीज मान्य करा."

शिट्टीवाल्याने शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत कडक इस्त्रीचे मॅनेजरसाहेब आले. चेहऱ्यावर माहितीपत्रकातलं हसू होतं. "नियम आपल्याच सुरक्षिततेसाठी असतात ताई."

"कलम चार," लवंगी म्हणाली. "'पाळण्यात बसणाऱ्याची उंची किमान एकशे वीस सेंटिमीटर असावी.' उभं राहून मोजावी, असं त्यात कुठंय?"

मॅनेजरनी मान वर करून दारावरचा फलक वाचला. तसं नव्हतं. "तुला पाठ आहे?"

"सगळी अकरा कलमं. मागच्या वेळी दीड तास दुसरं वाचायला काही नव्हतं."

"ते ठीक आहे. पण आईच्या टेपवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

आजपर्यंत शिंपीणबाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवली गेली होती, स्वभावाला तर रोजच. टेपला कुणी ठेवली नव्हती. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं. "तुमच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच लांब आहे. पँटचा उजवा पाय अर्धा इंच आखूड. आणि मागची शिवण एकदा उसवून सैल केलीय. मोजून बघू, की नुसतं सांगितलेलं पुरे?"

रांगेत हशा पिकला. साहेबांनी नकळत कोट मागून खाली ओढला. "उंची मान्य," ते घाईने म्हणाले. "पण सोबत एक सुदृढ प्रौढ माणूस पाहिजे. कलम आठ."

"हे आहेत ना," म्हणत बाई वळल्या. घड्याळजी कठड्याला धरून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारे त्यांचे हात लटलट कापत होते.

"अगं, जाऊ..." एवढंच बोलून ते खाली बसले.

पुढची दहा मिनिटं धावपळीत गेली. प्रथमोपचाराची खोली समोरच होती, हे त्या उद्यानाने केलेलं पहिलं शहाणपण. नर्सबाईंनी साखरेचं पाणी पाजलं आणि विचारलं, "जवळ काही खायला ठेवत नाही का?"

"ठेवतात!" शिंपीणबाईंचा आवाज चढला. "चार बिस्किटं! तुमच्या फाटकावर कपाटात आहेत, बिल्ला लावून! आणि शिवाय पंधरा पायऱ्या चढवल्यात त्यांना, अकरा वर्षांचं पोर हातांवर घेऊन! का, तर लिफ्टमध्ये अस्वल बसलंय! माणसापेक्षा अस्वल मोठं झालं का तुम्हाला?"

मॅनेजरनी ताबडतोब डबा मागवला. घड्याळजींच्या गालांवर रंग आला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी. ते त्यांनी रागाने पुसलं. मग नर्सबाई म्हणाल्या, की यांनी आता दोन तास तरी पाळण्यात बसायचं नाही.

"मी बसते," शिंपीणबाई म्हणाल्या. "सोबत्याचा काय अर्ज असेल तो आणा."

अर्जात रकाना होता, रक्तदाबाचा त्रास आहे का? बाई रोज सकाळी एक गोळी घेत आणि कागदावर खोटं लिहीत नसत. त्यांनी 'हो' लिहिलं. नर्सबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर! तुम्ही कुठेच बसायचं नाही. इथेच बसा."

"सकाळी घरून निघताना एकशे तीस होता," बाई मॅनेजरना म्हणाल्या. "मधले अठ्ठेचाळीस तुमचे."

साहेबांनी हात पसरले. त्यांना मनापासून वाईट वाटल्यासारखं दिसत होतं आणि मनापासून सुटल्यासारखंही. "आता माझा इलाज खुंटला. सोबतीच नाही म्हटल्यावर... पुढच्या वेळी नक्की या."

शिंपीणबाईंना एकदम रडू फुटेल असं वाटलं. टेप जिंकला होता, बेरीज जिंकली होती आणि पोरगी पुन्हा खालीच राहणार होती. कारण काय, तर आईला राग आला. राग आणला कुणी, याचा रकाना अर्जात नव्हता. त्यांना लेकीकडे बघवेना.

"कलम नऊ," लवंगी म्हणाली.

"काय?"

"'सोबती उपलब्ध नसल्यास, उद्यानाचा जबाबदार अधिकारी पाहुण्यासोबत बसेल.'"

सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं.

"हा शिट्टीवाला..." साहेब चाचरले.

"मी अधिकारी नाही साहेब," शिट्टीवाला नम्रपणे म्हणाला. "माझी बढती तीनदा अडलीय. तुमच्याच सहीने."

रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेना. साहेबांचा चेहरा कोटाच्या अस्तरासारखा पिवळा पडला. अकरा वर्षं हे उद्यान चालवलं, पण वावटळीत ते एकदाही बसले नव्हते, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

लवंगीला पुढच्या बाकावर बसवलं. छातीवरची दांडी खट्‌कन बसली. शिट्टीवाल्याने ती तीनदा ओढून पाहिली आणि शेजारची साहेबांचीही. निघता निघता लवंगीने मांडीवरची पिशवी आईकडे दिली.

"आई, तू बसणारच आहेस, तर सांभाळ हं."

शिंपीणबाईंनी पिशवी पोटाशी धरली. वावटळ चढली, क्षणभर टोकावर थांबली आणि कोसळली. वरून दोन किंकाळ्या आल्या. एक लवंगीची, आनंदाने फाटलेली. दुसरी जाड होती आणि तिच्यात साहेब स्वतःच्या आईला हाका मारत होते.

"हसतेय का ती?" घड्याळजींनी बिस्किट चावत विचारलं.

"ओरडतेय," बाई म्हणाल्या. "मनसोक्त ओरडतेय हो."

गाडी थांबली. लवंगीचे केस चारी दिशांना गेले होते. तिला उचलून तिच्या खुर्चीत बसवलं. साहेब आपल्या पायांनी उतरले, दोन पावलं चालले आणि गुडघ्यांनी ऐकणं सोडल्यावर विदूषकाच्या पायाशी मांडी घालून बसले.

"खुर्ची," ते कसंबसं म्हणाले. "चाकांची खुर्ची आणा."

"साहेब, ती वरच्या कक्षात आहे," शिट्टीवाला म्हणाला.

"मग आण की!"

"अर्जदाराने स्वतः हजर राहायचं असतं साहेब."

साहेबांनी लांबून त्या जिन्याकडे पाहिलं. लवंगीने आपली खुर्ची त्यांच्याशेजारी नेली आणि अगदी मायेने सांगितलं, "पंधरा पायऱ्या आहेत काका. आईने मोजल्यात."

साहेबांनी डोळे मिटले आणि लिफ्ट रिकामी करायचा हुकूम सोडला. डबे निघाले, घोडे निघाले आणि शेवटी दोघांनी धरून अस्वल बाहेर काढलं. घड्याळजींनी मनगटाकडे पाहून वेळ सांगितली. सगळ्या कामाला सात मिनिटं लागली होती.

"सात मिनिटं?" शिंपीणबाई ताडकन उठल्या. "फक्त सात मिनिटांचं काम होतं?"

नर्सबाई पुन्हा पट्टा घेऊन धावल्या.