एका स्थळाचे दोन पत्ते

"अर्ध्या तासाचं काम आहे, अण्णा! आहे त्या वेबसाइटला एक नवं मोड्यूल जोडायचं, बस्स!"

बिंदुमाधवने मराठी मंडळाचे सेक्रेटरी कृष्णाजी अण्णांना हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा नव्याण्णवची संक्रांत आठवड्यावर आली होती. बंगळूरभरच्या कॉम्प्युटरवाल्या मराठी मंडळींसाठी ती वेबसाइट त्यानेच उभी केली होती. कार्यक्रम, बातम्या, फोटो असे तिचे तयार भाग होते आणि नवा भाग हवा असेल तर तो स्वतः लिहून जोडायचा. आता जोडायचं होतं वधू-वर मोड्यूल. त्यात पहिली नोंद कुणाची? तर त्याच्याच धाकट्या बहिणीची, मथुराची!

"दादा, आधी दुसऱ्या कुणावर प्रयोग कर ना!"

"अगं, प्रयोग कसला? सगळं पक्कं आहे!"

मथुराचा जीव टांगणीला लागला होता. याआधीची दोन स्थळं फिसकटली होती, त्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. चिकोडीकडच्या अजितचं तसं नव्हतं. त्याच्याशी ती दोनदा फोनवर बोलली होती आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर उगीचच हसत बसली होती. रविवारी चार वाजता तो आईवडिलांना घेऊन बघायला येणार होता. पत्ता विचारला तेव्हा बिंदुमाधव ऐटीत म्हणाला, "वेबसाइटवर आहे!" मंडळाच्या सभासदांनाही त्याने बजावलं होतं, की यंदा पोस्टकार्डं बंद, फोन बंद, काय ते वेबसाइटवर बघा.

रविवारी मथुरानं सहा माणसांपुरता केसरीभात, म्हणजे बंगळुरी रव्याचा शिरा, केला. पावणेचारला बेल वाजली. दारात एक आजोबा, दोन काकू आणि हातात तिळगुळाचा डबा!

"तिळगूळ संमेलन इथंच ना?"

"नाही हो, ते बनशंकरीच्या हॉलमध्ये!"

"मग हे काय?" आजोबांनी छापील कागद पुढे केला. बिंदुमाधवने तो वाचला. 'तिळगूळ संमेलन, रविवार, दुपारी चार. स्थळ: कु. मथुरा, वय पंचवीस, उंची पाच फूट दोन इंच, जे. पी. नगर.'

"उंची कशाला दिलीय?" एका काकूंनी विचारलं.

"दार बुटकं असेल," आजोबा म्हणाले आणि वाकून आत आले.

बिंदुमाधवने कपाळावर हात मारला. कार्यक्रमाच्या पानावर 'स्थळ' नावाचा रकाना आधीपासून होता. वधू-वरांच्या पानावरही त्याने रकान्याला हौसेनं 'स्थळ' हेच नाव दिलं होतं! मशीनला बिचाऱ्याला काय कळणार, कुठलं स्थळ बघायचं आणि कुठल्या स्थळी जमायचं! त्यानं सरळ अदलाबदल करून टाकली.

"म्हणजे माझ्या पानावर काय आलंय?" मथुरानं विचारलं.

त्यानं धावत जाऊन कॉम्प्युटर लावला. 'कु. मथुरा. स्थळ: समाज भवन, बनशंकरी. तीनशे माणसांची सोय. जनरेटर आहे. भांडी आपापली आणावीत.'

तेवढ्यात आणखी पन्नास-पंचावन्न माणसं घरात शिरली, अण्णांसकट.

"अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं हॉल मिळाला नाही, म्हणून तू घरी बोलावलंस. म्हटलं, पोरगा मोठ्या मनाचा आहे!"

बिंदुमाधवने हॉलवर फोन लावला. वॉचमन बसवंतनं उचलला.

"तिथं कुणी आलंय का?"

"तिघं आलेत सार. हॉल बघून झाला. आता विचारतायत, मुलगी कुठाय?"

"त्यांना स्वल्प थांबवा हो!"

"कुठलं थांबवता सार! म्हातारी लई चिडली. हे बघा, ऑटोत बसून निघाले पण!"

मथुरानं पदर खोचला आणि रवा भाजायला घेतला. घरात साठ माणसं भुकेली बसली होती आणि रडायला खोलीच रिकामी नव्हती! आपण हिचं वाटोळं केलं, असं बिंदुमाधवला वाटलं.

पाऊण तासानं दारात ऑटो थांबला. अजित, त्याचे वडील आणि आई ठकुबाई! मथुराच्या गालाला रवा लागला होता, हातात तिसऱ्या घाण्याचं पातेलं होतं. अजित तिच्याकडे बघून हसला आणि तीही हसली.

"पोराला म्हटलं, घरी चल," ठकुबाई चपला काढत म्हणाल्या. "तर हा म्हणतोय, तिचा आवाज ऐकलाय, माणसं साधी आहेत, चूक झाली असणार. फोनवर ती जे. पी. नगर म्हणाली होती म्हणे, मग सगळं जे. पी. नगर विचारत आलो बघा." त्यांनी घरभर नजर फिरवली, बशीतला केसरीभात चाखला, आणखी मागून घेतला. "पोरगी पसंत हाय आम्हाला."

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. बिंदुमाधवच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्याला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. भरल्या डोळ्यांनी तो ठकुबाईंच्या पाया पडला.

"आता लग्नाचं सगळं माझ्यावर सोडा!"

"सोडलं की," ठकुबाई म्हणाल्या. "पत्रिका तेवढी आम्ही छापतो. तुम्ही हात लावू नका."