मागच्या सीटवरचं मीठ

शिरवण्याच्या जोमादादा पाटलांनी आपल्या फटफटीच्या मागच्या सीटवर कधी माणूस बसवला नाही. तिथं मिठाचं पोतं असे. काथ्याने आवळून बांधलेलं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. वळण आलं की जोमादादा मान किंचित मागे करून त्या पोत्याला सांगत, "धरून बस गो."

मी त्यांच्याच घरात एका खोलीत भाड्याने राहायचो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर नव्याने उघडलेल्या एका कारखान्यात कारकुनी करायचो. नवी मुंबई हे नाव तेव्हा जन्माला यायचं होतं. खाडी, मिठागरं, भातशेती आणि मध्येच एखादं धुराडं, एवढाच पसारा. रोज सकाळी मी तंगडतोड करत निघे आणि जोमादादा पोत्यासकट माझ्या शेजारून भुर्रकन निघून जात. एकदा लाज सोडून म्हटलं, "दादा, मीठ राहू द्या, मला न्या."

"तुमचा भार कमी पडतो मास्तर," एवढं बोलून ते गेलेसुद्धा. मी मास्तर नव्हतो, पण चष्मा लावणारा कुणीही त्यांच्या लेखी मास्तरच असे.

फटफटी त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती, पण सांभाळायची रीत मात्र होडीची. त्यांच्या वडिलांची मीठ वाहायची होडी होती. पाऊस लागला की ती किनाऱ्यावर ओढायची, डागडुजी करायची, रंगवायची आणि नारळी पुनवेला नारळ वाहून पाण्यात लोटायची. फटफटीलाही तोच न्याय. आषाढ लागला की ती मांडवाखाली ओंडक्यांवर चढे आणि तिचा चिमटा उतरवला जाई. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. मागे बसणाऱ्याचा सगळा भार त्याच्यावर.

हा सोहळा पाहायला मी दर वर्षी ओटीवर बसे. आधी साखळी निघे, मग चाक. इथपर्यंत सगळं सुरळीत. मग यायचा चिमट्यातून आरपार गेलेला बोल्ट, आणि तो हटकून गंजून बसलेला. दुसऱ्या कुणी सरळ घण घातला असता. जोमादादा त्याला घासलेट पाजत, फडकं गुंडाळत आणि लहान पोराची काढावी तशी त्याची समजूत काढत.

"लोखंड हाय. लाड कराला लागतान," ते मला समजावत. "आता मुरू दे. खारीचं पानी उतरलं का बोल्ट पन उतरंल."

ओहोटीचा आणि बोल्टचा संबंध काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही, कारण बोल्ट खरोखरच ओहोटीला निघे. मग गंजाने खाल्लेली जागा सांधून आणायची, घासायची आणि उरलेला होडीचा पोपटी रंग द्यायचा. काळ्याकुट्ट फटफटीला पोपटी चिमटा! रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून हसत.

गावात कुणी म्हणे मिठाचा नवस आहे, कुणी म्हणे डोकं फिरलंय. खरी गोष्ट एवढीच होती की फटफटी नवी आली तेव्हा त्यांची बायको ठकूकाकी मागे बसून लेकीकडे तळवलीला निघाली होती. एका खड्ड्यात चिमटा तुटला. काकी पडली आणि तिचा पाय मोडला. पाय बरा झाला, पण थोडं लंगडणं राहिलं. "तुमची गाडी तुमाला, माजा पाय मला," असं तिने बजावलं आणि तेव्हापासून ती सगळीकडे लंगडत चालत जाऊ लागली. ती अंगणातून निघाली की जोमादादा हातातलं काम सोडून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहत. मला ते पाहवत नसे.

त्या वर्षी तळवलीच्या लेकीला मुलगा झाला आणि बारसं नेमकं नारळी पुनवेनंतर ठरलं. जोमादादांनी चिमटा उतरवला. नेहमीसारखाच गंजलेला. सांधून आणला, रंग दिला, वाळला तरी पुन्हा एक हात दिला. मग ब्रश तसाच धरून मला म्हणाले, "मास्तर, यंदा तरी बसंल का वो ती?" इतक्या वर्षांत लोखंडाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

बारशाच्या दिवशी फटफटी अंगणात उभी होती. दादांनी सवयीने पोतं बांधलं. काकी नातवाची झबली-टोपडी घेऊन चालत जायच्या तयारीने बाहेर आली आणि पोत्यापाशी थांबली.

"येवरं मीठ कशाला वागवताव? आज खरं सांगा."

जोमादादा जमिनीकडे बघत म्हणाले, "मिठागरावर तू एकदा गमतीनं तराजूत बसलीवतीस. दुसऱ्या पारड्यात जेवरं मीठ लागलं, तेवरंच हाय. तुजा भार चिमटा पेलतो का बगतू. धा वेला बगतू. खात्री झाली का तुला बोलवनार होतू."

"तवापास्न मी किती वालली, बारीक झाली!"

"मंग तं आजून चांगला पेलंल."

काकी वाकली, तिने पोत्याखाली हात फिरवला आणि ओला तळवा नवऱ्यापुढे धरला. "आनी दर वर्षाला यो गंजतो कसा?"

"त्येच तं कलत नाय."

"अवो, मीठ पाझरतं ना त्याच्यावर! जलम मिठागरावर गेला, येवरं कललं नाय?"

मीठ लोखंड खातं, हे शिरवण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. जोमादादांनी पोत्याकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला हसू येत होतं.

"सोरा त्यो काथ्या," काकी म्हणाली. "मीठ उतरवा. मी बसते."

पोतं मीच उतरवून घेतलं. चांगलंच जड होतं. काकीने नवऱ्याच्या खांद्याला धरून दुखरा पाय हळूच पलीकडे टाकला. फटफटी इतक्या सावकाश निघाली की मी पोतं तिथंच ठेवून बरोबर चालत गेलो तरी मागे पडलो नाही. विहिरीजवळचं वळण आलं, तशी जोमादादांची मान किंचित मागे झाली.

"धरून बस गो."

"बसलेय धरून," काकी म्हणाली. "तुमी फुरं रस्ता बगा."