आवरणासहित सुधारणा

शेखरच्या संगणकाचा पंखा घरघरू लागला, ही बाब वरवट बकाल गावात कोणीच गांभीर्यानं घेतली नाही. शेखरनं घेतली. तो कचेरीत लिपिक होता. बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची नसते, तिच्यात सुधारणा करायची असते, एवढं नोकरीनं त्याला शिकवलं होतं. त्यात त्याच दिवशी दुपारी चारला त्याच संगणकावर बायकोची, संजीवनीची, नोकरीसाठी मुलाखत होती.

"अहो, दुरुस्तीवाल्याले बोलवा नं."

"त्याले काय समजते? मी व्हिडिओ पाहून राह्यलो."

संगणकाच्या डब्यावर आईनं, सुभद्राबाईंनी, विणलेलं जाड लोकरीचं आवरण होतं. चालू असतानाही ते काढायचं नाही, धूळ बसते, हा घरचा स्थायी आदेश. शेखरनं ते आदबीनं काढलं. थोड्या वेळानं घरघर थांबली. शेखरला ते ऐकू आलं. पण पेचकस हातात आलेला होता.

त्यानं संगणक बंद केला, पंखा उलटा बसवला, पुन्हा चालू करून आवरण चढवलं. डबा तव्यासारखा तापला. सबब, पंखा अपुरा असल्याचं सिद्ध झालं. मग डब्याचा पत्रा कापून भगदाडाला टेबलफॅन टेकवला. आता आवरण पुरेना. सुभद्राबाईंनी लगोलग झालर जोडून दिली.

"आता धुयीची काय बिशाद!" त्या म्हणाल्या.

तरीही डबा तापला. वऱ्हाडी माणसाचा कोरड्या हवेवर विश्वास नसतो. शेखरनं कूलरच्या जाळीतलं गवत उपसलं, भिजवलं आणि टेबलफॅनपुढे बांधलं. वरून आवरण. झालरीसकट.

चारला पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, "ताणाखाली तुम्ही कशा काम करता?"

संजीवनीनं तोंड उघडलं आणि डबा फुस्सकन विझला. ओल्या लोकरीचा जळका वास घरभर झाला.

तिनं आवरण ओढून फेकलं. "याले श्वास तं घेऊ द्याचा होता! सकायी हे काढल्यावर आवाज थांबला होता. तुम्ही ऐकलं होतं नं?"

"हो," शेखर म्हणाला. "पण तेवढ्यावरच थांबलो असतो तं मी केलं काय असतं?"

नोकरी दुसरीला मिळाली. पंखा निकृष्ट होता, असा शेखरचा निष्कर्ष आहे. जळका संगणक पुसून जागेवर ठेवला आहे. धूळ बसू नये म्हणून झाकून.

हसा, हसा. पण तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी आधी काढा. घरात कोणालाही न विचारता काढून दाखवा, मग बोलू.