अडतीस टक्के मित्र

सदर विद्यार्थी पीएच.डी.च्या सातव्या वर्षात होता. पहिल्या वर्षी नातेवाईक त्याला 'कधी संपणार?' असं विचारत. चौथ्या वर्षी ते त्याच्या आईला विचारू लागले आणि सहाव्या वर्षी त्यांनी तो विषय काढणंच सोडून दिलं. प्रबंधाचं नाव होतं 'फुटबॉलमधील पराभव आणि प्रेक्षकांची मते'. स्वतः विद्यार्थी मैदानात एकदाच उतरला होता, तोही शाळेत असताना, दुसऱ्या कुणाचा तरी बॉल गटारातून काढून द्यायला. मतांच्या बाबतीत मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यामुळे प्रबंध विद्यापीठाच्या साम्य-तपासणी कक्षात गेला तेव्हा तो निर्धास्त होता. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"साम्य अडतीस टक्के," कक्षाच्या बाई म्हणाल्या. "मर्यादा दहा. आणि अडतीसच्या अडतीस टक्के एकाच माणसाचे आहेत."

त्यांनी कागद पुढे सरकवला. एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर, फुटबॉलच्या बातम्यांखाली, 'चष्मेवाला' नावाचा कुणी वाचक अकरा वर्षं प्रतिक्रिया लिहीत होता. त्याचं प्रत्येक वाक्य प्रबंधात 'संशोधकाच्या मते' या शब्दांनंतर आलं होतं.

चष्मेवाला म्हणजे विद्यार्थ्याचा तिसरीपासूनचा मित्र. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत एक छोटा टीव्ही आणि दोन स्टुलं होती, आणि दर रविवारी दोघं तिथे मॅच बघत मतं मांडत. मॅच संपली की मित्र ती मतं वेबसाइटवर टाकी आणि विद्यार्थी घरी जाऊन प्रबंधात टाकी. आपण एकाच विहिरीतून पाणी भरतोय हे सात वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मॅडम, तो माझा मित्र आहे."

"संदर्भसूचीत मित्राचा रकाना नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्म दिला. एकशे बारा वाक्यं. प्रत्येकासमोर मूळ बोलणाऱ्याचं नाव, दिनांक, स्थळ.

दोघं दुकानात फॉर्म घेऊन बसले.

"'गोलकीपर आधीच उडी मारतो.' हे माझं," विद्यार्थी म्हणाला.

"तुझं कसं? तू तेव्हा बाहेर फोनवर गाइडची बोलणी खात होतास. आत आल्यावर मी तुला सांगितलं."

"बरं. 'रेफ्रीला सहा मीटरवरचं अक्षर दिसत नाही.'"

"सहा मीटरवरून डोळे तपासतात हे तुला कुणी सांगितलं रे?"

आजवर त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण दोघांचं मत नेहमी एकच असे. आता ते आधी कुणाचं, यावरून दुपारभर वाजलं. शेवटी एकशे चार वाक्यं मित्राची ठरली आणि सात वादग्रस्त राहिली. निर्विवादपणे विद्यार्थ्याचं असं एकच निघालं: 'आपली टीम कुठली, निळी का?'

"सगळीच तुझी म्हणून लिही," मित्र वैतागून म्हणाला. "मला कुठे डॉक्टर व्हायचंय?"

पण मत हस्तांतरणीय नसतं, असं कक्षाने कळवलं. मात्र बाईंना विद्यार्थ्याची दया आली आणि त्यांनी नियम चौदा (क) काढून दाखवला: 'एकमेकांस अपरिचित व्यक्तींच्या लेखनातील साम्य हा योगायोग समजण्यात यावा.' मित्राचं तेवढं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि सहा महिने परस्परांशी संपर्क नको.

विद्यार्थी कागद घेऊन दुकानात गेला. मित्राने तो दोनदा वाचला. 'मी सदर इसमास ओळखत नाही व पूर्वी कधीही ओळखत नव्हतो.'

"याने होईल ना तुझं काम?"

"होईल."

"मग आण इकडे. पेन तुझंच दे, नाहीतर त्यातही साम्य काढतील."

मित्राने सही केली आणि दुसरं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. आपण किती हलके आहोत हे विद्यार्थ्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि तरीही त्याने दुसऱ्या प्रतीवर सही मागून घेतली.

पुढचे रविवार त्याने घरी आपल्या खोलीत एकट्याने काढले. पेनल्टी हुकली की तो उजवीकडे वळे आणि उजवीकडे कपाट असे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "परवाच्या फायनलबद्दल तुमचं स्वतःचं मत काय?"

"मला काहीच मत नाही, सर."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. असं उत्तर आधी कुणीच दिलं नव्हतं. 'संशोधक संपूर्णतः मौलिक आहे' असा शेरा मारून त्यांनी पदवीची शिफारस केली.

तो तिथून तडक दुकानात गेला. सहा महिने पुरे व्हायला अकरा दिवस बाकी होते.

"बसा," मित्र म्हणाला, आणि त्याने विद्यार्थ्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली. "खालची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"फायनल पाहिलीत?"

"पाहिली. काही कळलं नाही."

मित्र जरा वेळ भिंग पुसत राहिला. "गोलकीपरने आधीच उडी मारली."

"हो ना," विद्यार्थी म्हणाला, आणि आपण मॅच पाहिल्याचं त्याला तेव्हा कुठे जाणवलं. मित्राने माळ्यावरून स्टूल काढलं.

तेवढ्यात कक्षाच्या बाई आपला नवा चष्मा न्यायला दारात उभ्या राहिल्या. पदवीची अधिसूचना अजून त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी दोन्ही स्टुलं पाहिली, दोघांची तोंडं पाहिली. मग चष्मा घालून आरशात बघत त्या सावकाश म्हणाल्या, "असा एक रेफ्रीलाही द्यायला हवा होता."

दोघांनी एकदम वर पाहिलं. फॉर्ममधलं सत्तेचाळिसावं वाक्य, शब्दन् शब्द.

"मॅडम, तुम्ही..."

"मी तुम्हा दोघांना ओळखत नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा घेऊन निघून गेल्या.

प्रस्तुत कथेत कुणा वाचकाला स्वतःशी साम्य आढळल्यास तोही योगायोगच समजण्यात येईल. फक्त आपली मतं आपण ज्याच्याकडून उचलली, त्या माणसाला आपण ओळखत नाही, एवढं लिहून द्यावं. दोन प्रतींत.