हसल्यावरच निघणारा फोटो

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरून जिना गाठायचा, तर परबकाकांच्या फोनसमोर हसून दाखवावं लागायचं. सूट कुणालाच नव्हती. काका गॅलरीत आपल्या दाराशी स्टूल टाकून बसलेले असायचे आणि आपण घाईघाईने निघालो की हुकूम सुटायचा, "थांब. हास."

सकाळी साडेआठला लालबागमध्ये कोण हसतं? नळाचं पाणी गेलेलं असतं, संडासाच्या रांगेत कुणाशी तरी वाजलेलं असतं, आणि ऑफिसात साहेब घड्याळाकडे बघत बसलेला असतो. पण काका जन्मभर बसवर कंडक्टर होते. ते निवृत्त झाले तरी वाट अडवायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही.

फोन त्यांच्या मुलीचा. ती ठाण्याला राहायची. टचवाले फोन तेव्हा चाळीत नुकते शिरत होते. तिने स्वतःला नवा घेतला आणि जुना बापाला दिला, वर "आता रोज बोलू" म्हणाली. बोलायची, सणासुदीला. आईला, म्हणजे आमच्या काकीला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा एकदा येऊन रडून गेली, त्यानंतर ठाणे एकदम लांब झालं.

त्या फोनच्या कॅमेऱ्यात एक सोय होती. समोरचा माणूस हसला की त्याच्या चेहऱ्याभोवतीचा चौकोन हिरवा व्हायचा आणि फोन आपला आपणच फोटो काढायचा, बटण दाबायचं काम नाही. जावयाने गंमत म्हणून ती चालू करून दिली. काकांनी त्यातून तिकीटतपासणी सुरू केली. फोटो निघाला तर "फाटला तिकीट, पुढे चला." नाही निघाला तर "परत. खोटा चालाचा नाय."

माझं तिकीट सहसा फाटायचं नाही. "शुभा, तुझ्या तोंडार रविवारीपण सोमवारच असता," असं त्यांनी एकदा सगळ्या मजल्यादेखत सांगितलं. शेजारच्या दोघी हसल्या, आणि फोनने तेवढ्यात त्यांचा फोटो काढला.

चाळ पाडून टॉवर उठवायला निघालेल्या बिल्डरचा एक माणूस सह्या गोळा करायला यायचा. त्याचं हसू मात्र फोन जिन्यातूनच टिपायचा. माणूस अजून दोन पायऱ्या खाली आणि इकडे फोटो तयार. काकांचं तोंड त्या वेळी कडू व्हायचं. "ह्येका हो फोन बरो ओळखता," एवढंच म्हणायचे.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला खेळणं मिळालंय. एका संध्याकाळी वाटीभर कढी द्यायला त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं, की सकाळी ते फक्त फोन नीट चालतोय ना, एवढंच बघतात. खरं काम संध्याकाळी असतं.

झटक्याने काकीचा डावा गाल उतरला होता. रोज आरशासमोर हसायचा व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकीने पहिल्याच दिवशी आरसा भिंतीकडे फिरवला. तेव्हा काकांनी फोन पुढे केला. "आरसो नको तर नको. ह्या फोनात बघून हास. ज्या दिवशी हो आपसूक फोटो काढतलो, त्या दिवशी तू बरी झालंस."

मी कढीची वाटी धरून दारात उभी होते. काकी खाटेवर बसून हसत होती. उजवा गाल वर गेला, डोळ्याशी सुरकुत्या पडल्या. इतकं मनापासूनचं हसू आमच्या चाळीत दुसऱ्या कुणाचं नसेल. फोन ढिम्म. अर्ध्या तोंडाचं हसू त्याला हसू वाटतच नव्हतं. बिल्डरच्या माणसाला ओळखणारं ते यंत्र खिडकीतून खाली फेकून द्यावं, असं मला वाटलं.

पावसाळा संपेपर्यंत हे चाललं. मग एक दिवस काका सकाळी स्टुलावर दिसले नाहीत. ते माझ्या दाराशी आले, फोन शर्टाखाली लपवून.

"ती पुरे म्हणता. काल जेवूकपण नाय. आता हसूचाच नाय म्हणता."

"काका, बटण दाबून काढा ना फोटो."

"बटण दाबलेला तिका दिसता." त्यांनी आवाज उतरवला. "आपसूक निघाल्यासारखो नाय काढूक येणार?"

जन्मभर विनातिकीट माणसाला गाडीतून उतरवणारा हा गृहस्थ माझ्याकडे लबाडी शिकायला आला होता. मी ती हसण्याची सोय बंद केली आणि टायमर लावून दाखवला. फोटो निघायच्या आधी फोन टिकटिक करायचा, ती बंद कशी करायची ते मला सापडेना.

"असू दे," काका म्हणाले. "झटक्यापासून तिका कमीच आयकाक येता."

संध्याकाळी त्यांनी मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून असेल. फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवला आणि ते काकीशेजारी जाऊन बसले. "आजचा दिवस हास गो. फुडे नाय सांगूचंय." काकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं आणि ती हसली. फोटो निघाला.

काका उठले ते नाचायचेच बाकी होते. "आपसूक! शुभा, तू बघितलंस ना? आपसूक काढल्यान!" पायात चपला अडकवून ते पेढे आणायला खाली धावले. मुलीला फोन करायचं त्यांना सुचलंही नाही. खरं तर तिनं उचललाही नसता.

काकी बराच वेळ फोटो बघत होती. मग तिने मला जवळ बोलावलं. शब्द जड पडायचे, म्हणून सावकाश म्हणाली, "टिकटिक... आयकलंय मी."

मी पटकन दाराकडे पाहिलं.

"ह्यांका सांगू नको," ती म्हणाली. "लय दमलेहत."

खालून काकांचा आवाज येत होता. ते भेटेल त्याला बायको बरी झाल्याचं सांगत होते. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या तशी काकीने पदराने तोंडाचा डावा कोपरा पुसला, आणि ते दारात यायच्या आत हसायला सुरुवात केली.